वाकड्या पाइनवरचे बूट

लून नदीवर माणूस बुडाला की त्याचे बूट जवळच्या झाडाला टांगायचे, ही रीत कोणी घातली देव जाणे. पण ती मोडायची छाती कुणाची नव्हती. प्रेत सापडलं तर काठावर पुरायचं, नाही सापडलं तर हात जोडून पुढं जायचं, बूट मात्र टांगायचेच. तेही ज्यानं त्यानं नाही, मेलेल्याच्या जोडीदारानं. आणि एकदा टांगलेले बूट कुणी उतरवायचे नाहीत. उतरवलेत तर नदी म्हणणार, माझा माणूस परत नेलात ना, मग बदल्यात उतरवणारा द्या.

यालमार स्कोरनं जी पहिली जोडी टांगली, नेमकी तीच चुकली.

यालमार नॉर्वेकडचा. उंचापुरा, तांबड्या दाढीचा, हातानं कामसू आणि तोंडानं त्याहून कामसू. त्याचा जोडीदार ओनेझीम, क्वेबेककडून आलेला फ्रेंच. सगळे त्याला ओनी म्हणत. आता ओनीबद्दल तुम्ही काय ऐकलं असेल ते आधी बाजूला ठेवा. विस्कॉन्सिनातल्या कुठल्याही गुत्त्यात शिरा, ओनी म्हणजे ताडमाड राक्षस, त्याला जांभई आली की गिरणीची धुराडी वाकायची, असलंच ऐकायला मिळेल. सगळी थाप. ओनी यालमारच्या काखेत मावायचा. पाय तर इतके लहान की चांभार माप घेताना विचारायचा, मुलगा कितवीत आहे तुमचा?

पण ताकद खरी होती. त्या सगळ्या थापांमध्ये तेवढी एकच गोष्ट खरी, आणि आज तीच कुणाला पटत नाही.

वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की हिवाळाभर तोडलेले ओंडके पाण्यात सोडायचे आणि खालच्या गिरणीपर्यंत हाकत न्यायचे, हे त्या टोळीचं काम. तळाला खिळे ठोकलेले बूट घालायचे, हातात आकडी लावलेला दांडा घ्यायचा आणि वाहत्या ओंडक्यांवरून पळायचं. एखादा ओंडका खडकाला आडवा अडकला की मागचे त्याच्यावर चढतात, त्यांच्यावर आणखी, आणि बघता बघता चर्चएवढी कोंडी उभी राहते. कळीचा ओंडका हलेपर्यंत ती फुटत नाही, आणि फुटली की तिथं उभा असलेला माणूस वाचत नाही.

अख्खी टोळी आकड्या टेकवून घाम गाळायची. ओनी आपला काठावर बसून चहा संपवायचा, कप पुसून ठेवायचा आणि टुणटुण उड्या मारत कोंडीच्या पोटात उतरायचा. बुटातल्या बुटात पायाची बोटं आवळायचा आणि कळीच्या ओंडक्याला खांदा लावून नुसता उभा राहायचा. जोर नाही, आरडाओरड नाही. थोड्या वेळानं आतून कुरकुर ऐकू यायची, आणि सगळा डोंगर सरकायचा. ओनी सुटलेल्या ओंडक्यांवरून पळत परत. मोजे कोरडे.

"कसं जमतं रे तुला?" यालमारनं एकदा विचारलं.

"मी कुठं काय करतो? मी फक्त हलत नाही. मग दुसऱ्या कुणाला तरी हलावंच लागतं."

यालमारचा त्याच्यावर जीव होता. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून वाटेल की नव्हता.

नदी जिथं एकदम काटकोनात वळते त्या जागेला सैतानाचं कोपर म्हणत. त्या वसंतात तिथं कोंडी पडली. ओनी उतरला, खांदा लावला, कुरकुर सुरू झाली, आणि वरून भलताच एक ओंडका उभाच्या उभा खाली आला. ओनी पाण्याखाली गेला. कोंडी फुटायची ती फुटली नाही, उलटी त्याच्या डोक्यावर मिटली. यालमार पोटावर पडून ओंडक्यांच्या फटीतून हात घालत होता, हाका मारत होता. अंधार पडला तेव्हा त्याला चौघांनी ओढून काढला.

सकाळी बूट वर आले. दोन्ही, आणि दोन्हींच्या नाड्या सुटलेल्या.

आता तुम्ही म्हणाल, मेलेला माणूस नाड्या सोडतो का? तुम्ही नदीवरचे नाही म्हणून म्हणता. नदीवर म्हण आहे की बुडालेल्याच्या नाड्या नदी सोडते, पाहुण्याला घरात घेताना सोडाव्यात तशा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या सुटलेल्या नाड्या बघून टोळीतल्या एकालाही शंका आली नाही, उलट खात्रीच पटली.

"टांग बाबा," मुकादम प्रुइट म्हणाला. "पाणी उतरायला लागलंय. उद्या पहाटे हलायचंय आपल्याला."

काठावर एक वाकडा पाइन होता, कुठल्याच करवतीला नको असलेला. त्याच्यावर यालमार चढला. बूट दोरीनं टांगायची रीत. पण दोरी कुजते, वाऱ्यानं बूट पडतात, आपल्या ओनीचे पडायचे नाहीत म्हणून यालमारनं हातोडा मागून घेतला आणि चांगले लांब खिळे ठोकले. रडत ठोकले. खाली सगळ्यांनी टोप्या काढल्या. आचारी क्लोव्हिस फ्रेंच होता, त्यानं प्रार्थना म्हटली. दुपारी कोंडीही आपसूक फुटली, आणि लोक म्हणाले, बघा, नदीला हवं ते मिळालं.

त्याच संध्याकाळी टोळी तराफ्यावरच्या स्वयंपाकघराशी जेवायला बसलेली असताना झाडीतून ओनी आला. अनवाणी, चिखलानं माखलेला, ओठ निळे.

"घेवडा उरलाय का?" त्यानं विचारलं.

क्लोव्हिसच्या हातातला डाव पडला. दोघंतिघं मागं सरकले. ओनीला वाटलं, माणसं घाबरलीत, समजावून सांगावं.

"अरे, पाय अडकला होता बुटात. बूट काढला, पाय सुटला. एका बुटावर कोण चालणार, म्हणून दुसरापण काढला. खाली दोन ओंडक्यांमध्ये ओंजळभर हवा होती, ती पुरवून पुरवून घेतली. मग प्रवाहानं नेलं ते थेट खालच्या दलदलीत. तिथून चालत आलो. तुम्ही असं काय बघताय?"

यालमार उठला होता. दोन पावलं पुढंही गेला होता. मग त्याची नजर पाइनकडे गेली, आणि सगळ्यांचीच गेली. ओनीनं वळून पाहिलं. झाड हाकेच्या अंतरावर होतं. मावळत्या उन्हात खिळे चमकत होते.

"आरं तिच्या," ओनी म्हणाला. "घाई केलीत की रे."

प्रुइट वाईट माणूस नव्हता. त्यानं स्वतःची ताटली ओनीपुढं ठेवली, पण हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. "हे बघ ओनी," तो म्हणाला, "बूट वर आहेत तोवर तुझ्याबरोबर एकही माणूस पाण्यात उतरणार नाही. मीसुद्धा नाही. तुझे बूट तुला उतरवता येत नाहीत. ज्यानं टांगले त्यानंच उतरवायचे. पुढं नदी आणि तो बघून घेतील."

ओनीनं यालमारकडे पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं. यालमारचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, इंगेबोरला सातवा महिना होता. त्याला नदीचं काळं पाणी दिसत होतं आणि त्यात आपली तांबडी दाढी.

"उद्या," यालमार म्हणाला. "आता अंधार पडतोय. पहाटे उतरवतो."

पहाटे पाणी आणखी उतरलं होतं, मुकादम शिव्या घालत होता, ओंडके सुटले आणि टोळी त्यांच्यामागं पळाली. ते झाड मागं राहिलं.

यालमारला पुढं कितीतरी गोष्टींचा पस्तावा झाला, पण त्या संध्याकाळचा सगळ्यात जास्त. जेवणाआधीची प्रार्थना म्हणून व्हायच्या आत जाऊन आला असता, इतकंच तर अंतर होतं.

मग ते "उद्या" लांबलं. पुढच्या वसंतात यालमारला थंडी-ताप आला, खरा की खोटा ते त्याचं त्याला माहीत. त्याच्या पुढच्या वर्षी धाकटीचा बाप्तिस्मा. मग पुलाचं काम, मग गुडघा. यालमारनं नदी सोडून गिरणीत काम धरलं, म्हणजे कोपरापाशी जायचा प्रश्नच मिटला. इंगेबोरनं गावात खाणावळ काढली होती. ओनीला तिथं ठेवून घेतलं. मागच्या खोलीत खाट, तीन वेळचं जेवण, त्याबद्दल लाकडं फोडायची, भांडी घासायची, बटाटे सोलायचे. दुसरीकडे कुठं काम मिळणार? नदीवर नाहीच. आणि जंगलातली माणसं तरी कोण, वसंतातली नदीवरचीच. बूट टांगलेला माणूस शेजारी करवत ओढतोय म्हटलं की अंगावर झाड पडेल या धास्तीनं हात कापायचे त्यांचे.

ताकद तशीच होती. इंगेबोर झाडू मारायला आली की ओनी पेटती शेगडी एका हातानं उचलून धरायचा. एका वर्षी पुरानं खाणावळीची मागची भिंत कलली, तर हा रात्रभर पाठ लावून उभा राहिला, पाणी ओसरेपर्यंत. सकाळी इंगेबोरनं त्याला कॉफी दिली आणि यालमारला तोंडावर सुनावलं.

"हा घर धरून उभा राहतो आणि तुला एक झाड चढवत नाही."

"गुडघा दुखतोय."

"जीभ नाही दुखत तुझी कधी."

जिभेवरच तर सगळं येऊन ठेपलं. सुरुवातीला यालमार गुत्त्यात बसून ओनीबद्दल बोलायचा ते दुःखानं. तो कसा उतरला, कसा खांदा लावला, कशी कोंडी मिटली. लोक ऐकायचे. ऐकता ऐकता कुणीतरी ग्लास पुढं सरकवायचं. आता ज्या गोष्टीत माणूस शेवटी अनवाणी परत येतो आणि घेवडा मागतो, तिला ग्लास कोण देणार? म्हणून यालमार गोष्ट बूट टांगण्यापाशी थांबवायचा. तिथं लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच्याही यायचं, आणि ते खरं असायचं, हीच तर पंचाईत.

मग गोष्ट वाढायला लागली. दुसऱ्या नदीवरची माणसं आपापल्या गावच्या वीरांच्या थापा घेऊन यायची, आपला ओनी कमी पडून कसं चालेल? दरवर्षी यालमार त्याला वीतभर उंच करायचा. ओनी शिंकला की खालच्या गावात दारं लागायची. ओनीनं नदीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवले की मधून बोटी जायच्या. आणि ते बूट? अरे, एका बुटात अस्वलीण व्याली हो, दोन पिल्लं, आणि तरी टाचेकडे जागा उरली. ही शेवटची थाप इतकी गाजली की आगगाडीतून ती सरोवरापलीकडे पोचली.

एकदा ओनी यालमारला जेवायला बोलवायला गुत्त्यात आला. गोष्ट ऐन रंगात होती. तो बाकाच्या टोकाला टेकला आणि ऐकायला लागला. शेजारच्या नवख्या गड्यानं त्याला कोपर मारलं.

"सरक रे बुटक्या. ओनीची गोष्ट चाललीय, दिसत नाही का?"

ओनी सरकला. नदीनं हलवता न आलेला माणूस बाकावरून सरकला, आणि यालमारनं ते पाहिलं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, अरे हाच तो. त्यानं अस्वलिणीची गोष्ट पुरी केली.

घरी जाताना ओनी म्हणाला, "पिल्लं दोन होती की तीन? गेल्या खेपेला तीन म्हणाला होतास."

"ओनी, मी उतरवणार आहे रे बूट."

"हो. माहितीय मला," ओनी म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर यालमारला झोप तरी लागली असती.

वर्षं अशीच गेली. ओनीचे केस पांढरे झाले. टेकड्यांवरचा पाइन संपला. आणि एका हिवाळ्यात बातमी आली की या वसंतातली खेप शेवटची, पुढच्या वर्षीपासून नदीत ओंडका पडणार नाही, गिरणी बंद.

त्या संध्याकाळी ओनी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. यालमार आत आला तसा तो मान वर न करता बोलला. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच काही मागितलं.

"यंदा शेवटची खेप आहे, यालमार. मला एकदा ओंडक्यांवर उभं राहायचंय. एकदाच. लपूनछपून नाही. माझं नाव घेऊन कुणीतरी हाक मारली पाहिजे काठावरून, ओनी, उतर रे, म्हणून. मग मेलो तरी चालेल. एकदा मेलोच आहे."

यालमार टेबलाशी बसला. उत्तर इंगेबोरनं दिलं. तिनं फडताळातून हातोडा काढला आणि यालमारपुढं टेबलावर ठेवला.

"मागच्या बाजूनं खिळे उपटता येतात यानं," ती म्हणाली. "तुला ठाऊक असेलच."

"नदी मला नेईल, इंगेबोर."

"नेऊ दे. तुझी बडबड ऐकून चार दिवसांत परत आणून टाकेल."

मग ती तोंड फिरवून नाही, सरळ त्याच्यासमोर रडली. "मला तू हवास रे," ती म्हणाली. "पण असा नको. पोरं बाहेर तुझी गोष्ट सांगतात आणि घरात ओनीच्या खांद्यावर बसून वाढली. मोठ्या पोराला मी काय सांगू, त्याचा बाप कशाला घाबरतो?"

ते दोघं बर्फ वितळल्यावर निघाले. आगगाडी जिथं संपते तिथून खटारा केला. वाटेत चाक चिखलात रुतलं. गाडीवान घोड्याला मारायला लागला, तसा ओनी खाली उतरला, आसाखाली खांदा घातला आणि उभा राहिला. चाक वर आलं. गाडीवानानं यालमारच्या दंडांकडे बघून म्हटलं, "आभारी आहे, काका. अजून जोर आहे हं अंगात." यालमारनं तोंड उघडलं. ओनीनं डोळ्यानंच खुणावलं, जाऊ दे.

दोन्ही बाजूंना टेकड्या बोडक्या पडल्या होत्या, नजर जाईल तिथं खुंट. पूर्वी इथं भर दुपारी अंधार असायचा. ओनी म्हणाला, "आपणच तोडलं की रे सगळं."

सैतानाच्या कोपरापाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. कोंडी पडलेली होती, मोठी. टोळी वळणापलीकडे तराफ्यावर जेवायला गेली होती, क्लोव्हिसच्या जागी दुसरा कुणी आचारी ताटं वाजवत होता. काठावर फक्त वाकडा पाइन उभा. एवढ्या मैलांत तेवढाच राहिला होता, कारण त्याला करवत लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती. फांद्यांच्या दाटीत वर काहीतरी काळं लटकत होतं.

"मी इथं उभा राहतो," ओनी म्हणाला. "पडलास तर झेलतो."

यालमार चढला. गुडघा खरंच दुखत होता, इतकी वर्षं खोटं दुखून दुखून त्यानं शेवटी खऱ्याची सवय लावून घेतली होती. फांदी धरली, श्वास घेतला. खाली पाणी गुरगुरत होतं. तो थांबला नाही. मनात म्हणाला, घे बाई, न्यायचं तर ने, फक्त याला सोड. इतकं खरं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

फांद्या बाजूला सारून त्यानं पाहिलं.

बूट होते. उंच माणसाच्या मांडीपर्यंत येतील असे, कातडं जाडजूड, नव्यानं तेल लावलेलं. एकेक बूट पिंपाएवढा. मुद्दाम बनवून घेतलेले, कुठल्यातरी चांभारानं अख्ख्या बैलाचं कातडं खर्च केलं असेल. टाच बाहेरून चांगली रुंद शिवलेली. अस्वलिणीला जागा उरेल इतकी.

ओनीचे बूट नव्हतेच. कधी पडले, कुणी काढून फेकले, कुणाला ठाऊक? कुणीतरी टोळी इथं आली असेल, वर बघून म्हणाली असेल, छे, हे कसले ओनीचे, हे तर एखाद्या पोराचे. आणि शोभतील असे टांगून दिले असतील. खिळे मात्र यालमारचेच होते. ते त्यानं ओळखले.

"काय झालं?" खालून ओनीनं विचारलं.

यालमारनं हातोडा उलटा धरला. त्यानं खिळे उपटले. बूट धपाधप खाली पडले.

ओनी त्यांच्याभोवती एक फेरी फिरला. मग त्यानं आपल्या पायातल्या वहाणा काढल्या आणि एका बुटात पाय घातला. मग त्याच बुटात दुसराही. बूट त्याच्या कमरेपर्यंत आला. तो वर यालमारकडे बघून हसायला लागला, हसता हसता काठाला टेकला, आणि यालमार खाली उतरेपर्यंत त्याचं हसू थांबून डोळे पुसणं चाललं होतं.

"वर आता उतरवण्यासारखं काही नाही, होय ना?" ओनी म्हणाला.

"ओनी, मी—"

"राहू दे."

तो बुटातून बाहेर आला. कोंडीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग अनवाणीच ओंडक्यांवर उतरला. पूर्वीसारखा टुणटुण नाही, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा, एकेक पाऊल चाचपत. कळीचा ओंडका त्याला लगेच सापडला. त्यानं पायाची बोटं सालीत रुतवली, खांदा लावला आणि उभा राहिला.

यालमारला आठवलं, त्याला हाक हवी होती. त्यानं तोंडाशी हात नेले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला. "ओनी, उतर रे." पण त्याच क्षणी कुरकुर सुरू झाली, मग गडगडाट, आणि त्यात हाक विरून गेली. ओनीपर्यंत पोचली की नाही हे यालमारनं नंतर कधी विचारलं नाही.

कोंडी फुटली. ओनी सुटलेल्या ओंडक्यांवरून परत आला, गुडघ्यापर्यंत भिजून, धापा टाकत. तळपायातून रक्त येत होतं. तो पाइनखाली बसला आणि पायात शिरलेली कुसळं काढायला लागला.

जेवण टाकून टोळी धावत आली. पुढं मुकादम डेल्मर कॉब, तरणाबांड, तोंडात अजून घास. त्यानं मोकळी वाहणारी नदी पाहिली. मग जमिनीवरचे बूट पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बूट कुणी उतरवले?"

"मी," यालमार म्हणाला. "मी यालमार स्कोर. टांगलेही मीच होते. हे ते नव्हेत. ओनी मेला नाही. कोंडी आत्ता त्यानंच फोडली. हा बघा, हा बसलाय तो ओनी."

सगळ्यांनी पांढऱ्या केसांच्या बुटक्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, पायातलं कुसळ काढत असलेल्या. कुणीतरी फिसकन हसलं. कॉब हसला नाही. त्यानं टोपी काढली.

"स्कोरकाका, तुमची गोष्ट ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. माझा बाप रडायचा ती सांगताना. ओनी मेला हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"खोटं सांगितलं."

"आणि आता खरं सांगताय?" कॉब हळू आवाजात म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसा, जपून. "काका, ऊन लागलंय तुम्हाला. तुम्ही बूट खाली घेतले आणि नदीनं वाट दिली. म्हणजे ओनीनंच फोडली की कोंडी. तेच तर आम्ही म्हणतोय." मग तो ओनीकडे वळला. "आजोबा, जरा बाजूला बसता का? बुटांना पाय लागतोय तुमचा."

यालमार त्याच्या अंगावर धावून जायचा, पण ओनीनं त्याची विजार धरली होती, आणि ओनीनं धरलं की सुटणं नाही.

"पोरं कोपरात उतरताना त्यांच्याकडे बघून उतरतात, काका," कॉब म्हणाला. "खाली अजून दोन कोपरं आहेत. परत टांगा. टांगणारे तुम्हीच, रीतीनं आम्हाला टांगता येत नाहीत."

"नाही टांगणार," यालमार म्हणाला. त्याला रडू आवरेना. "जीव गेला तरी नाही."

ओनी उठला. त्यानं गवतात शोधून यालमारचे गंजके खिळे गोळा केले, काठावरच्या दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं सरळ केले, फुंकर मारून झटकले.

"टांग रे," तो म्हणाला. "पोरांना पाण्यात उतरायचंय. त्यांना कुणीतरी लागतो वर. मी नाही पुरायचो."

"ओनी, तू जिवंत आहेस."

"ते तुला माहितीय. इंगेबोरला माहितीय. चढ आता, संध्याकाळची गाडी चुकेल."

यालमार चढला. या वेळी खालच्याच फांदीवर, त्यापुढं गुडघा जाईना. टोळीनं टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या. पहिल्या खेपेला त्यानं माणूस मेला समजून बूट टांगले होते. या खेपेला तो माणूस खाली अनवाणी उभा राहून, टाचा उंचावून, एकेक खिळा त्याच्या हातात देत होता.